लिनक्स लॅपटॉपवर रेकॉर्डिंग: मागची खरखर आणि पंख्याची घरघर कशी कमी करावी?

पाठमुद्रण

नमस्कार. शाळेच्या गणिताचे पाठ रेकॉर्ड करतो. स्क्रीन आणि त्यावर माझा आवाज, एवढंच. डेबियन १२ (लिनक्स), ग्नोम डेस्कटॉप, आवाज हाताळायला पाइपवायर. माइक लॅपटॉपचा अंगभूत आहे. स्क्रीन ओबीएसमध्ये घेतो, आवाजाची सफाई ऑडॅसिटीत करतो.

अडचणी अशा:

बोलणं थांबलं की मागे सतत सूंऽऽ असा आवाज राहतो. ऑडॅसिटीच्या मीटरवर शांततेत -३८ डेसिबल दिसतात, बोलताना शिखरं -९ च्या आसपास जातात. रेकॉर्डिंग थोडं लांबलं की पंखा सुरू होतो. चार्जर लावलेला असेल तर यात एक बारीक गुणगुणही मिसळते. सेटिंगमधली माइकची पट्टी खाली आणली तर सगळंच बारीक होतं, म्हणून ती १०० टक्क्यांच्या वर ठेवावी लागते.

ऑडॅसिटीचं नॉइज रिडक्शन २४ डेसिबलवर चालवलं की सूं जातो, पण आवाज पाण्याखालून बोलल्यासारखा येतो. नेमकं कुठून सुरू करावं आणि कोणत्या क्रमाने? साडेतीन मिलिमीटरच्या जॅकचा वेगळा माइक घेतला तर फरक पडेल का?

शून्य_डेसिबल

फिल्टर तूर्त बाजूला ठेवा. तुमच्याकडे एक नाही, किमान तीन वेगळे आवाज आहेत आणि तिघांचा उपाय वेगळा आहे. आधी ते वेगळे ओळखा.

दहा-दहा सेकंदांची शांतता तीन वेळा रेकॉर्ड करा: चार्जर काढून पंखा बंद असताना, चार्जर लावून पंखा बंद असताना, आणि पंखा चालू असताना. प्रत्येक तुकडा निवडून ऑडॅसिटीच्या अ‍ॅनलाइझ मेनूतलं प्लॉट स्पेक्ट्रम उघडा आणि साइझ १६३८४ करा. साइझ २०४८ असेल तर ४८ किलोहर्ट्झच्या रेकॉर्डिंगमध्ये एक खाना २३ हर्ट्झचा पडतो, त्यात ५० आणि १०० ची टोकं नीट सुटी दिसत नाहीत. १६३८४ वर खाना सुमारे ३ हर्ट्झचा होतो.

आता आलेखात काय दिसतं ते बघा. ५०, १००, १५० हर्ट्झवर (काही देशांत ६०, १२०, १८०) टोकदार सुळके असतील तर ती विजेची गुणगुण. सुळके नाहीत, नुसता सपाट किंवा हळूहळू उतरता पट्टा आहे, तर ती माइकची आणि त्याच्या प्रवर्धकाची खरखर. पंखा खालच्या भागात रुंद फुगवटा दाखवतो आणि त्यावर एक-दोन बारीक सुळके असतात. पंख्याचा वेग बदलला की ते सुळके सरकतात, ही त्यांची खूण. यूएसबी माइक वापरणाऱ्यांना कधी नेमका १००० हर्ट्झवर किंवा ८००० हर्ट्झवर सुळका दिसतो. तो यूएसबीच्या १ मिलिसेकंद आणि १२५ मायक्रोसेकंदांच्या ठोक्यांतून येतो; केबल किंवा पोर्ट बदलून बघायचा.

मग गेन, म्हणजे माइकचा सिग्नल किती वाढवायचा ते. टर्मिनलमध्ये अल्सामिक्सर (साउंडकार्डच्या पट्ट्या दाखवणारा प्रोग्रॅम) चालवा. एफ६ दाबून खरं साउंडकार्ड निवडा, नाहीतर पाइपवायरची एकच पट्टी समोर येते. एफ४ ने कॅप्चरचं पान उघडा. तिथे ‘कॅप्चर’ आणि ‘इंटर्नल माइक बूस्ट’ अशा दोन पट्ट्या दिसतील. बूस्टला बहुतेक कोडेकवर (लॅपटॉपच्या ध्वनी-चिपवर) चारच पायऱ्या असतात: ०, १०, २०, ३० डेसिबल. तुमचा बूस्ट बहुधा ३० वर आहे. सेटिंगमधली पट्टी १०० च्या पुढे नेली की वरची सगळी वाढ नुसता आकड्यांचा गुणाकार असते, माइकला त्यातून काहीच जास्त ऐकू येत नाही.

एक चाचणी जरूर करा. बूस्ट २० वर ठेवून शांतता मोजा, मग ३० वर ठेवून मोजा. पातळी पुरती १० डेसिबल वाढली तर खरखर बूस्टच्या आधीच, म्हणजे खोलीत, माइकमध्ये किंवा पहिल्या प्रवर्धकात आहे. गेन कितीही फिरवा, सुधारणा होणार नाही. तीन-चारच डेसिबल वाढली तर खरखर पुढच्या डिजिटल रूपांतरकाची आहे आणि जास्त बूस्ट ठेवणं फायद्याचं.

इथे बरेच जण फसतात. बूस्ट उतरवला की मीटरवर शांतता -५८ दिसते आणि रेकॉर्डिंग स्वच्छ झाल्यासारखं वाटतं. पण आवाजही तेवढाच उतरलेला असतो. बघायचं ते बोलणं आणि शांतता यांतलं अंतर. तुमचं अंतर आज २९ डेसिबल आहे, ते वाढलं तरच काही मिळवलं.

ते वाढवायचा सर्वांत भरवशाचा उपाय म्हणजे माइक तोंडाजवळ आणणं. अंतर निम्मं झालं की आवाज ६ डेसिबलने वाढतो, खरखर तिथेच राहते. अंगभूत माइक तोंडापासून ६० सेंटिमीटरवर असेल आणि वेगळा माइक १५ सेंटिमीटरवर आला, तर १२ डेसिबल मिळाले, तेही आवाजाचा एक कणही न खरवडता. शिवाय पंख्यापासून माइक लांब गेला तो फायदा वेगळा. माइक तोंडासमोर धरू नका, ओठांच्या कोपऱ्याकडून तिरपा ठेवा, म्हणजे प, फ, भ उच्चारताना हवेचा झोत थेट त्यावर आदळत नाही.

जॅकच्या माइकबद्दल: आजच्या बहुतेक लॅपटॉपना एकच जोडजॅक असतो, हेडफोन आणि माइक दोन्हींसाठी, चार पट्ट्यांचा. तीन पट्ट्यांचा साधा माइक त्यात सरळ खुपसला तर पिनचा मागचा लांब भाग माइकचा संपर्क जमिनीला जोडतो. लॅपटॉपला वाटतं नुसता हेडफोन लागलाय, आणि रेकॉर्डिंग मुकाट अंगभूत माइकवरच चालू राहतं. त्याला चार पट्ट्यांचं एक टोक आणि तीन पट्ट्यांची दोन भोकं असलेला स्प्लिटर लागतो. त्या खटपटीपेक्षा मी यूएसबी माइकच सुचवेन. त्याचा प्रवर्धक आणि रूपांतरक माइकच्या आतच असतो, त्यामुळे लॅपटॉपच्या कोडेकची खरखर वाटेतून निघून जाते. मंचावरचा डायनॅमिक माइक मात्र लॅपटॉपच्या जॅकला लावू नका. त्याचा सिग्नल इतका क्षीण असतो की बूस्ट पूर्ण चढवावा लागतो, आणि मग खरखरच जास्त ऐकू येते.

गुणगुण चार्जर काढल्यावर जात असेल तर बॅटरीवर रेकॉर्ड करा, विषय संपला.

पंख्यासाठी: ग्नोमच्या वरच्या कोपऱ्यातल्या मेनूत पॉवर मोड ‘पॉवर सेव्हर’ करा. ओबीएसमध्ये एन्कोडर (व्हिडिओ दाबून साठवणारा भाग) एक्स२६४ असेल तर सगळा भार प्रोसेसरवर पडतो आणि तोच पंखा पेटवतो. आउटपुट सेटिंगमध्ये व्हीएएपीआय असलेला, म्हणजे ग्राफिक्स चिपवर चालणारा हार्डवेअर एन्कोडर निवडा आणि दर सेकंदाच्या फ्रेम ६० ऐवजी ३० करा. गणिताच्या पाठाला ३० भरपूर झाल्या. लॅपटॉपखाली कापड घालायचा मोह होतो, पण हवेच्या जाळ्या झाकल्या की पंखा आणखी जोरात फिरतो.

पाठमुद्रण

धन्यवाद, चाचण्या केल्या. चार्जर काढल्यावर ५० आणि १५० वरचे सुळके गायब. बूस्ट २० वरून ३० केल्यावर शांतता -४८ वरून -३८ वर गेली, म्हणजे खरखर बूस्टच्या आधीचीच. व्हीएएपीआय लावल्यावर पंखा बराच उशिरा सुरू होतो.

पण अल्सामिक्सरमध्ये बूस्ट १० वर ठेवला तरी सेटिंगमधली पट्टी जराशी हलवली की तो परत ३० वर जाऊन बसतो. ब्राउझरमध्ये मीटिंग उघडली की पट्टीच आपोआप सरकते. हे थांबवता येतं का?

कर्नेलकट्टा

येतं. दोन्हींची कारणं वेगळी आहेत.

बूस्टचं कारण: पल्सऑडिओ (पाइपवायरच्या आधीची ध्वनी-यंत्रणा) आणि पाइपवायर दोन्ही ‘कॅप्चर’ आणि ‘बूस्ट’ या पट्ट्या जोडून एकच पट्टी करून तुम्हाला दाखवतात. ती वर नेली की हवी ती एकूण पातळी गाठण्यासाठी बूस्ट परस्पर चढवला जातो. ही जोडणी साध्या मजकूर फाइलींत लिहिलेली असते. पाइपवायरसाठी त्या यूएसआर, शेअर, अल्सा-कार्ड-प्रोफाइल, मिक्सर, पाथ्स या फोल्डरात असतात. अंगभूत माइकची फाइल ‘अ‍ॅनलॉग-इनपुट-इंटर्नल-माइक’ नावाची, शेवटी कॉन्फ. ती रूट अधिकाराने उघडा. ‘एलिमेंट इंटर्नल माइक बूस्ट’ असा चौकटी कंसातला मथळा शोधा. त्याखाली व्हॉल्यूमच्या ओळीत ‘मर्ज’ लिहिलेलं असेल, तिथे ‘इग्नोर’ लिहा. काही कोडेकवर नाव ‘इंट माइक बूस्ट’ किंवा नुसतं ‘माइक बूस्ट’ असतं. अल्सामिक्सरमध्ये जे नाव दिसतं त्याच नावाचा भाग बदला. लॉगआउट करून परत या, अल्सामिक्सरमध्ये बूस्ट हवा तिथे ठेवा आणि सुडोने अल्सासीटीएलची ‘स्टोअर’ आज्ञा द्या, म्हणजे रीस्टार्टनंतरही तो तिथेच राहील. पॅकेज अद्ययावत झालं की ही फाइल पुसून नवी येते, म्हणून बदललेली प्रत होम फोल्डरात ठेवा.

फाइलींना हात लावायचा नसेल तर पाव्हूकंट्रोल उघडून शेवटच्या कॉन्फिगरेशन टॅबमध्ये प्रोफाइल ‘प्रो ऑडिओ’ करा. या प्रोफाइलमध्ये पाइपवायर हार्डवेअरच्या पट्ट्यांना हातच लावत नाही, अल्सामिक्सरमध्ये ठेवलेलं तसंच राहतं. मात्र हेडफोन लावल्यावर आपोआप बदलणं वगैरे सोयी जातात.

पट्टी आपोआप सरकते ती ब्राउझरच्या स्वयंचलित गेनमुळे. पाइपवायर-पल्सच्या कॉन्फिगरेशनमध्ये नियमांचा भाग असतो. तिथे तुमच्या ब्राउझरच्या प्रोग्रॅमचं नाव देऊन ‘ब्लॉक-सोर्स-व्हॉल्यूम’ हा क्वर्क (त्या प्रोग्रॅमपुरता खास नियम) लावा. मग ब्राउझरला आवाज ऐकू येतो, पट्टी हलवता येत नाही.

आणखी एक गोष्ट याच ओघात. रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला ‘टक्’ असा आवाज येत असेल तर तो कोडेक झोपेतून उठल्याचा. एसएनडी-एचडीए-इंटेल या मॉड्यूलचा पॉवर-सेव्ह पर्याय शून्य केला की तो जातो, किंवा सुरुवातीचे दोन सेकंद कापून टाका.

हे वाचणाऱ्या इतरांसाठी: नव्या लॅपटॉपमध्ये अंगभूत माइक डिजिटल असतात आणि अल्सामिक्सरमध्ये बूस्ट दिसतच नाही. तिथे काही हरवलेलं नाही, रूपांतरण माइकमध्येच होतं. डिजिटल माइकच यादीत नसेल तर आधी सॉफ-फर्मवेअर पॅकेज आहे का ते बघा.

तरंगलेख

वरचं सगळं करून झालं की थेट रेकॉर्डिंगवर चालणारे फिल्टर लावायला हरकत नाही. पाइपवायरवर सर्वांत सोपं साधन म्हणजे ईझी-इफेक्ट्स. त्यात इनपुटचा टॅब उघडून हा क्रम ठेवा: आधी हायपास फिल्टर (ठरावीक वारंवारतेच्या खालचं कापणारा), मग नॉइज रिडक्शन, मग कॉम्प्रेसर (लहान-मोठ्या आवाजातला फरक कमी करणारा), शेवटी लिमिटर (शिखरं अडवणारा). कॉम्प्रेसर आधी टाकलात तर तो शांत जागा वर उचलतो आणि नॉइज रिडक्शनला वाढलेली खरखर पुसत बसावं लागतं.

हायपास ८० हर्ट्झवर. जड आवाजाची मूळ कंपनंही साधारण ८५ च्या वर असतात, त्यामुळे ८० खाली मिळतो तो टेबलाचा धक्का, पंख्याची घुरघुर आणि हवेचा झोत. पातळ आवाजाला १०० चालतं.

ईझी-इफेक्ट्समधलं नॉइज रिडक्शन म्हणजे आरएननॉइज. ते ४८ किलोहर्ट्झच्या आवाजावर १० मिलिसेकंदांच्या तुकड्यांत चालतं. वर्णपट २२ पट्ट्यांत वाटून प्रत्येक पट्टीला किती दाबायचं हे न्यूरल जाळं ठरवतं. बोलण्यासाठीच शिकवलेलं असल्याने ते वाद्याचा आवाज गोंगाट समजून खाऊन टाकतं, म्हणून गाणं किंवा वादन त्यातून कधीच नेऊ नका. ब्लूटूथ हेडसेटचा माइक ८ किंवा १६ किलोहर्ट्झचा असतो. वरचा भाग मुळातच नसल्यामुळे त्यावर आरएननॉइजचा निकाल चांगला येत नाही. रेकॉर्डिंगसाठी तो माइकच नको.

मराठी बोलताना एक गोष्ट मुद्दाम तपासा. ख, फ, भ यांतला श्वासाचा भाग आणि शब्दाच्या शेवटचा स, श हे वर्णपटात खरखरीसारखेच दिसतात. फिल्टर कडक असेल तर ‘शेष’चा शेवट गळतो आणि ‘अंश’चं नुसतं ‘अं’ उरतं. गणिताच्या पाठात ‘अंश’ नीट ऐकू न येणं परवडणारं नाही. ‘अंश, शेष, खंड, फल, भाग’ एवढे शब्द सावकाश बोलून फिल्टरसह आणि फिल्टरविना ऐका.

आरएननॉइजचा लॅडस्पा (लिनक्सवरचा एक प्लगइन-प्रकार) प्लगइन वापरत असाल तर त्यात दोन आकडे हाताशी असतात. व्हीएडी थ्रेशोल्ड म्हणजे ‘हे बोलणंच आहे’ अशी किती टक्के खात्री पटल्यावर आवाज सोडायचा ते. ९५ ठेवला तर कळफलकाची टकटक जाते, पण शब्दांची टोकंही तुटतात. ५० पासून सुरू करा. ग्रेस पीरियड म्हणजे बोलणं थांबल्यावर दार किती वेळ उघडं ठेवायचं; २०० मिलिसेकंदांच्या खाली जाऊ नका.

पंखा चालू असताना बोलायचं असेल तर डीपफिल्टरनेट हे दुसरं न्यूरल फिल्टर आवाज जास्त नैसर्गिक ठेवतं, प्रोसेसर मात्र जास्त खातं. त्यातली अटेन्युएशन लिमिट (जास्तीत जास्त किती दाबायचं ती मर्यादा) पूर्ण मोकळी सोडू नका, १२ ते १८ डेसिबलवर बांधा. मागे खोलीचा किंचित आवाज राहू द्यावा. शब्दांमध्ये पूर्ण शून्य पडलं की कानाला प्रत्येक शब्द कापून चिकटवल्यासारखा लागतो. शिवाय जुन्या लॅपटॉपवर डीपफिल्टरनेटच प्रोसेसर तापवून पंखा चालू करू शकतं. तसं दिसलं तर आरएननॉइजवर परत या.

सर्वांत महत्त्वाचं: फिल्टर केलेला एकटाच आवाज रेकॉर्ड करू नका. ईझी-इफेक्ट्स स्वतःचा आभासी माइक तयार करतं, मूळ माइक वेगळा उपलब्ध राहतोच. ओबीएसमध्ये दोन्ही ऑडिओ इनपुट म्हणून जोडा, प्रगत ऑडिओ गुणधर्मांत मूळ माइक ट्रॅक १ वर आणि फिल्टर केलेला ट्रॅक २ वर टाका, आउटपुट सेटिंगमध्ये दोन्ही ट्रॅकवर खूण करा आणि फाइल एमकेव्ही ठेवा. ‘अंश’ गळालाच तर तेवढा तुकडा मूळ ट्रॅकवरून परत घेता येतो. थेट मीटिंगमध्ये मात्र एकच गाळणी ठेवा: ईझी-इफेक्ट्स चालू असेल तर मीटिंगमधलं नॉइज सप्रेशन बंद. दोन्ही एकावर एक आले की तुम्ही म्हणता तो पाण्याखालचा आवाज नक्की येतो.

शून्य_डेसिबल

त्या पाण्याखालच्या आवाजाचं ऑडॅसिटीतलं कारण सांगायचं राहिलं होतं.

नॉइज रिडक्शन आवाजाचे बारीक वारंवारता-पट्टे पाडतं आणि प्रत्येक पट्टा प्रोफाइलमधल्या (नमुना म्हणून दिलेल्या शांततेतल्या) खरखरीपेक्षा वर आहे की खाली हे बघतं. खाली असेल तर दाबतं. खरखर सीमेच्या आसपास वरखाली होत असते, त्यामुळे एखादा पट्टा क्षणभर सुटतो आणि परत दाबला जातो. २४ डेसिबलने दाबलं असेल तर ते सुटणं ठळक किलबिलीसारखं ऐकू येतं. ६ डेसिबलने दाबलं तर उरलेली खरखर ती किलबिल झाकते.

म्हणून आकडे असे ठेवा: रिडक्शन ६ ते ९, सेन्सिटिव्हिटी ४ ते ६, फ्रीक्वेन्सी स्मूदिंग ३ ते ६. आणखी हवं असेल तर एकदम वाढवू नका. नवं प्रोफाइल घेऊन पुन्हा ६ डेसिबल चालवा. लागू करण्याआधी ‘रेसिड्यू’ पर्याय निवडून प्रीव्ह्यू ऐका. त्यात फक्त काढून टाकलेला भाग वाजतो. तिथे नुसती खरखर हवी, शब्द ओळखू येत असतील तर तुम्ही आवाज फेकून देताय.

प्रोफाइलसाठी त्याच रेकॉर्डिंगमधली शांतता लागते, कालची चालत नाही. बोलायला सुरुवात करण्याआधी पाच सेकंद गप्प राहा, श्वासही अलगद घ्या. पंखा मध्येच सुरू झाला तर तिथे पुन्हा पाच सेकंद थांबा आणि नंतर क्लिप त्या जागी तोडून दोन्ही भागांना आपापलं प्रोफाइल द्या. पंखा बंद असतानाचं प्रोफाइल पंख्याच्या आवाजावर लावलं तर जवळजवळ काहीच निघत नाही.

क्रम: ८० हर्ट्झचा हायपास, नॉइज रिडक्शन, कॉम्प्रेसर, आणि सगळ्यात शेवटी लाउडनेस. जुन्या रेकॉर्डिंगमध्ये गुणगुण राहिलीच असेल आणि पुन्हा बोलणं शक्य नसेल तर नॉच फिल्टर (एका वारंवारतेभोवतीचा पट्टा कापणारा) १०० आणि १५० वर लावा. ५० तर हायपासमध्येच बरीच उतरते. नॉचचा क्यू (काप किती अरुंद ते) मुळात १ असतो, तो ३० च्या आसपास न्या. १ वर ठेवलात तर गुणगुणीबरोबर आवाजाचा भरदारपणाही कापला जातो.

पन्नास पाठ एकदम साफ करायचे असतील तर सॉक्स या टर्मिनलमधल्या साधनाचे नॉइजप्रोफ आणि नॉइजरेड हे दोन इफेक्ट बघा. नॉइजरेडचा आकडा ०.५ गृहीत धरलेला असतो, तो जास्त आहे, ०.२ ते ०.३ द्या.

पाठमुद्रण

६ डेसिबल दोनदा, आणि ‘रेसिड्यू’ ऐकून. निकालात जमीन-अस्मानाचा फरक आहे. यूएसबी माइक येईपर्यंत अंगभूत माइकवरच काम करावं लागणार, म्हणून शेवटचं एक विचारतो. रेकॉर्डिंग स्टीरिओ होतं. मोनो केलं की माझा आवाज पोकळ आणि बारीक होतो, खरखर मात्र तशीच राहते. असं का?

कर्नेलकट्टा

एक चॅनल उलटा आहे. काही लॅपटॉपच्या डिजिटल आणि अ‍ॅनलॉग माइकजोड्यांत एका माइकचा सिग्नल उलट्या दिशेने जोडलेला असतो. बेरीज केली की दोन्हींतला समान भाग, म्हणजे तुमचा आवाज, एकमेकांना मारतो. खरखर दोन्हींत वेगवेगळी असते, ती मरत नाही.

खात्री करायला ‘प’सारखा एखादा आघाती उच्चार असलेली जागा ऑडॅसिटीत अगदी जवळून बघा. वरच्या चॅनलची लाट वर जाते तेव्हा खालच्याची खाली जात असेल तर निदान पक्कं. स्टीरिओ ट्रॅक दोन मोनोंत फोडा, खालचा निवडून इफेक्ट मेनूतलं ‘इन्व्हर्ट’ चालवा, मग दोन्ही मोनोत मिसळा. हे नॉइज रिडक्शनच्या आधी करा, नंतर नाही, कारण इथे फुकटचा फायदा आहे: सरळ झालेले दोन चॅनल मिळवले की आवाज ६ डेसिबलने वाढतो आणि दोन माइकांची स्वतंत्र खरखर ३ नेच, म्हणजे अंतरात ३ डेसिबलची भर. मात्र दोन्ही चॅनल एकाच माइकची प्रत असतील तर हा फायदा मिळत नाही. ते ओळखायला एक चॅनल उलटा करून मिसळा; पूर्ण शांतता उरली तर प्रत आहे, मग एक चॅनल सरळ काढून टाका.